सकाळी साडेसहा ते साडेअकरा : आठवीनंतर थांबलेल्या एका मुलीचं प्रकरण

भांडुप पश्चिमेच्या डोंगरउतारावर वसलेल्या एका वस्तीतलं हे प्रकरण. मुलगी चौदा वर्षांची, महापालिकेच्या मराठी शाळेतून आठवी पास झालेली आणि जूनमध्ये नववीत न गेलेली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ती घरीच होती, आणि ती घरी बसली आहे याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. पुढे ती शाळेत गेली. ती कशानं थांबली, कशानं गेली आणि गेल्यावरही काय सुटलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे. वस्तीत आम्ही काही जणी मिळून अभ्यासिका चालवतो, त्या निमित्ताने हे कुटुंब जवळून पाहता आलं. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, काही बारीक तपशीलही बदलले आहेत. मुलीला इथे थोरली म्हणते.

घर

वडील मूळचे साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातले. कारखान्यातलं काम सुटल्यावर सिक्युरिटी गार्ड म्हणून लागले. ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ, सुट्टी मिळाली तर मिळाली. आई मुलुंडच्या टॉवरमध्ये घरकामं करते, सकाळी साडेसहाला डोंगर उतरते आणि साडेअकराला परत येते. मुलं तीन : थोरली, तिच्या पाठचा बारा वर्षांचा भाऊ आणि तीन वर्षांचा धाकटा. आई सहावीपर्यंत शिकलेली. तिची शाळा गावाकडे सुटली ती पाठच्या भावाला सांभाळण्यासाठीच. हे तिने स्वतःहून सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता.

वस्तीला पाणी येतं सकाळी साडेनऊच्या सुमारास, जेमतेम तासभर. चार-पाच घरांत मिळून एक नळजोडणी, पाईप लावायचा नंबर ठरलेला. नंबर हुकला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं किंवा शेजारणीकडे कळशी मागायची. डोंगराच्या पायथ्याशी काही अंतरावर महापालिकेचं भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल आहे. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा तिथूनच शुद्ध होऊन शहरभर जातो. वर डोंगरावर मात्र त्याच पाण्यासाठी कुणीतरी रोज सकाळी घरात थांबावं लागतं, आणि ते 'कुणीतरी' बहुतेक घरांत मुलगीच असते.

आठवीपर्यंत थोरलीची शाळा दुपारची होती, साडेबारा ते सहा. भावाचीही तीच शाळा, तीच वेळ. त्यामुळे सकाळी आई कामावर असताना थोरली धाकट्याला सांभाळायची, स्वयंपाक करायची, पाणी भरायची. आई आली की जेवून शाळेला पळायची. ही घडी काही वर्षं नीट चालली. हजेरीपटावर बहीण-भाऊ अगदी बरोबरीचे होते. तिची हजेरी तर त्याच्यापेक्षा थोडी जास्तच. कुठल्याही तपासणीत या घराबद्दल एकही शंका आली नसती. तिचा गृहपाठ कधी होतो, हे कुठल्या तक्त्यात विचारलं जात नाही. तो व्हायचा रात्री जेवणं आटोपल्यावर, तोही जमला तर.

नववीचा उंबरठा

घरापासून चालत जाता येईल अशी मराठी माध्यमाची अनुदानित माध्यमिक शाळा खाली स्टेशनच्या बाजूला आहे. तिथे नववी-दहावीचे वर्ग सकाळी भरतात, सात ते साडेबारा. म्हणजे आई ज्या वेळात घरी नसते, नेमक्या त्याच वेळात. या घरात नववी अडली ती एवढ्याच कारणाने. मुलीने शिकू नये असं कुणाला वाटत नव्हतं, लग्नाचा विषय नव्हता, नापासाचा प्रश्न नव्हता. आईने जूनमध्ये शाळेतून दाखला काढून आणला, तो रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि ठरलं, 'बघू, धाकटा जरा मोठा होऊ दे.'

हे नेमकं नववीच्या तोंडावर का घडतं, हे नीट समजून घ्यायला हवं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. ती देशभराच्या कायद्यात यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली, आणि आली तेव्हा ती चौदाव्या वर्षावर येऊन थांबली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते १८ वयाचं उद्दिष्ट आहे. कायद्याने दिलेला हक्क मात्र अजून आठवीपर्यंतचाच आहे. शाळेतलं दुपारचं जेवणही आठवीपर्यंत. समग्र शिक्षा अभियानातून मिळणारी मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे आणि त्याचा आधार मोठाच आहे, पण या घरात फी हा खर्चाचा मोठा भाग नव्हताच. पुस्तकं, वह्या, नवा गणवेश, बूट, छत्री, दप्तर आणि डबा, हे सगळं एकाच जूनमध्ये अंगावर येतं. ज्या वयात घरातलं काम मुलीच्या हातात पुरतं बसलेलं असतं, त्याच वयात सरकार आपला हात काढून घेतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. आठवी पास झाल्यावर मुलाचा दाखला निघाला की जुन्या शाळेचं काम संपतं. नवी शाळा त्याला ओळखत नाही, कारण तो अजून आलेलाच नाही. सरकारी संगणकप्रणालीत अशा मुलांची नावं 'ड्रॉपबॉक्स'मध्ये जाऊन पडतात, पुढच्या शाळेने उचलून घेईपर्यंत. कुणी उचललं नाही तर नाव तिथेच राहतं. नाव तिथे आहे म्हणून दार वाजवायला कुणी येत नाही. शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमांचा भरही मुख्यतः ६ ते १४ याच वयावर राहिलेला आहे. थोरली शाळेतून गळली नव्हती, तिला कुणी काढलंही नव्हतं. ती दोन शाळांच्या मधे राहून गेली होती.

कळलं कसं

अंगणवाडीच्या सेविकेमुळे. धाकट्याला रोज दहा वाजता सोडायला आणि घ्यायलाही थोरलीच यायची. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तरी हिची सकाळ मोकळी कशी, हे सेविकेच्या लक्षात आलं. तिने आधी मुलीलाच विचारलं, "तुझी नववी सकाळची असंल ना गं? मग तू इथं कशी?" मुलगी म्हणाली, "पुढच्या वर्षी जाणारे." सेविकेने त्याच संध्याकाळी आम्हाला निरोप दिला.

अंगणवाडी सेविकेला मानधन तुटपुंजं, रजिस्टरं ढीगभर, आणि चौदा वर्षांची मुलगी तिच्या यादीत बसतही नाही. तरी तिने विचारलं. या सबंध प्रकरणातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच.

पहिली भेट

आम्ही दोघी गेलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगायची वेळच आली नाही. ती म्हणाली, "मॅडम, शिकवायचं नाही असं मी कुठं म्हणते? मला पण वाटतं पोरगी शिकावी. पण मी कामावर गेले की याला कोण बघणार? खाली रस्ता, वर दरड. तीन वर्षांचं पोर एकटं ठेवू का?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्या क्षणी उत्तर देण्याचा आव आणणं तिच्या कष्टांचा अपमान झाला असता. एक घर सोडलं तर महिन्याचे अडीच हजार जातात. तेवढ्यात किराणा भरतो.

मुलींच्या शिक्षणावर काम करणाऱ्या पुष्कळ जणांची समजूत असते की घरच्यांचं मन वळवलं की झालं. या घरात वळवण्यासारखं मन नव्हतं, ते आधीच वळलेलं होतं. तिढा होता सकाळच्या पाच तासांचा.

थोरली त्या वेळी माळ्याच्या शिडीवर बसून ऐकत होती. तिला विचारलं, दिवसभर काय करतेस? तिने घरकाम सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली की रात्री बाबांचा मोबाईल मिळाला की नववीचं पुस्तक वाचते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट उतरवून घेता येतात, हे तिला आठवीच्या बाईंनी सांगितलं होतं. विज्ञानाचा पहिला पाठ 'गतीचे नियम' तिने वाचून काढला होता आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर त्यातली उदाहरणंही सोडवली होती. दोन उत्तरं चुकली होती. कुठे चुकलं ते तिला कळत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. आमच्यातली एक जण तिथेच पायरीवर बसून ती दोन उदाहरणं समजावत राहिली.

वेळेचा कागद

दुसऱ्या भेटीला रविवार गाठला, वडीलही घरी असतील म्हणून. थोरलीला आधी सांगून ठेवलं होतं की घरातल्या प्रत्येकाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत एका कागदावर लिहून काढ. तिने चार रकाने आखले होते : आई, बाबा, मी, दादू. दादू म्हणजे बारा वर्षांचा भाऊ. पट्टीने ओढलेल्या रेघा, पेन्सिलीचं स्वच्छ अक्षर. तिच्या स्वतःच्या रकान्यात जागाच उरली नव्हती म्हणून अक्षर खाली खाली बारीक होत गेलं होतं. सव्वापाचला उठणे, स्टो पेटवणे, आईचा चहा, आईबाबांचा डबा, धाकट्याला शी-शू, दूध, अंघोळ, केर, भांडी, साडेनऊला पाणी, दहाला अंगणवाडी, परत येऊन कपडे, भात, साडेअकराला… असं रात्री दहापर्यंत.

दादूच्या रकान्यात लिहिलं होतं : आठला उठणे. नऊ ते अकरा क्लास. बाराला जेवण. साडेबाराला शाळा. सहानंतर खेळ. रात्री टीव्ही.

आई कागद हातात घेऊन बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "हा सकाळभर घरातच असतो की."

तो रोज घरातच असायचा. आई नसते त्या वेळात, क्लासचे दोन तास सोडले तर, तो याच खोलीत असायचा, झोपलेला किंवा क्लासला निघण्याच्या बेतात. धाकट्याला कोण बघणार हा प्रश्न दोन-अडीच महिने घरात घोळत होता आणि त्याचं नाव कुणाच्याही तोंडी आलं नव्हतं. मुद्दाम कुणी टाळलं होतं असं नाही. ते सुचलंच नव्हतं. आणि मला वाटतं, असमानतेचं सगळ्यात चिवट रूप हेच आहे. मुलीला शिकू द्यायला घर तयार असतं. मुलाने पाणी भरावं, लहान भावाचं नाक पुसावं हा विचारच घराच्या डोक्यात येत नाही.

वडील म्हणाले, "अहो, तो लहान आहे अजून. बारा वर्षांचं पोर काय संभाळणार?" आई लगेच म्हणाली, "ही नऊची होती तेव्हा दादू दोन वर्षांचा नव्हता का? कुणी संभाळला?" तिचा हिशेब चुकला होता, थोरली नऊची असताना दादू सातचा होता. पण कुणी तिला टोकलं नाही, कारण म्हणणं खरं होतं. धाकटा जन्मला तेव्हा थोरली अकराचीच होती, आणि बाळंतपणानंतर आई कामावर गेली ती त्याला हिच्याच मांडीवर ठेवून.

वडिलांची खरी काळजी निराळी होती, आणि ती निराधार नव्हती. सातची शाळा म्हणजे सव्वासहाला घरातून निघायचं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे घरातून निघताना अंधारच असतो आणि शाळेची प्रार्थना होते तेव्हाही सूर्य उगवलेला नसतो. दीडएकशे पायऱ्या उतरायच्या, मधले दिवे बंद, वळणावर रात्रीची टोळकी कधी कधी पहाटेपर्यंत बसलेली. मुलीने घाबरायचं कारण नाही, असं सांगून हा प्रश्न सुटत नाही. शेजारची एक आजी स्टेशनजवळ भाजी विकते आणि रोज सहाच्या सुमाराला पाटी घेऊन खाली उतरते. वरच्या गल्लीतल्या आणखी दोन मुली त्याच शाळेत जात होत्या. तिघींनी आजीबरोबर उतरायचं ठरलं. आजी म्हणाली, "येऊ देत. पाटीला हात तरी लावतील." दिव्यांसाठी विभाग कार्यालयात अर्ज दिला. त्यातला एक लागला.

त्याच बैठकीत वडिलांनी आणखी एक वाट सुचवली. त्यांच्या सहकाऱ्याच्या मुलीने सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून दहावी दिली होती. हिनेही तसंच करावं. सतरा नंबरचा फॉर्म ही चांगली सोय आहे. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली, त्यांना खाजगीरीत्या दहावीला बसता येतं. मुंबईतल्या रात्रशाळांनीही कामकरी माणसांच्या पिढ्या अशाच पुढे काढल्या. पण दारापाशी शाळा असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला तो फॉर्म दाखवणं म्हणजे तिची सकाळ कायमची घरकामाला देऊन टाकणं. दोन वर्षं ती सव्वापाचला उठली असती, पाणी भरलं असतं, आणि परीक्षेच्या तोंडावर नुसतं गाईड हातात आलं असतं. प्रयोगशाळा नाही, मैत्रिणी नाहीत, चुकलेलं उदाहरण समजावणारं कुणी नाही. मी हे वडिलांना सरळ सांगितलं. ते गप्प राहिले, पण नाही म्हणाले नाहीत.

त्या रविवारी ठरलं ते असं : आई निघाल्यापासून अंगणवाडी उघडेपर्यंत धाकटा दादूकडे. साडेनऊचं पाणी दादूने भरायचं, त्या वेळात शेजारच्या काकू धाकट्याकडे डोळा ठेवतील. दहाला अंगणवाडीत सोडायचं. दादूचा क्लास संध्याकाळच्या बॅचला. साडेअकराला आई आली की तो मोकळा. वडिलांच्या रकान्यात नवं काहीच लिहिलं गेलं नाही.

प्रवेश

शाळेने आधी नाही म्हटलं. तुकडी भरली होती, पहिली घटक चाचणी होऊन गेली होती. मुख्याध्यापिकांना भीती होती ती दहावीच्या निकालाची. उशिरा आलेली मुलगी टिकत नाही, आणि टिकली तर निकाल खाली ओढते, असा त्यांचा अनुभव. आठवीपर्यंत कायदा पालकाच्या बाजूने बोलतो. वर्षात केव्हाही प्रवेश नाकारता येत नाही. नववीत ते संरक्षण उरत नाही, तिथे विनंतीच करावी लागते. थोरलीने सोडवलेल्या उदाहरणांची वही बरोबर नेली होती. ती त्यांनी उघडून पाहिली, विज्ञानाच्या शिक्षकांना बोलावून दाखवली, आणि मग क्लार्कला जुन्या शाळेकडे ऑनलाइन विनंती पाठवायला सांगितली. बाकीचे कागद साधेच : दाखला, आधार, फोटो. जुन्या शाळेच्या आठवीच्या बाईंनी विनंती आल्याबरोबर मंजूर केली आणि फोनवर म्हणाल्या की ही मुलगी कुठेतरी गेलीच असेल असं धरून चालले होते.

त्यांचं हे वाक्य मी पुढे अनेकांना सांगितलं आहे, त्यांना दोष देण्यासाठी नव्हे. चाळीस मुलं दाखला घेऊन जातात, आणि ती पुढे कुठल्या शाळेत पोचली हे विचारण्याची जबाबदारी कुणाकडेच नाही. आठवीच्या वर्गशिक्षकांनी ऑगस्टअखेरपर्यंत फक्त एवढी एक यादी ठेवली, कोण कुठे पोचलं आणि कोण पोचलं नाही, तरी अशा कितीतरी मुली वेळेत सापडतील. यासाठी नवा निधी लागत नाही.

जगाचे आकडे आणि हे घर

मुलींच्या शिक्षणात समानता आणायची मुदत जगाने पुन्हा पुन्हा ठरवली आहे. २००० साली सेनेगलमधल्या डाकार इथल्या जागतिक शिक्षण परिषदेत ठरलं की प्राथमिक-माध्यमिक शाळांत मुली-मुलांची संख्या २००५पर्यंत बरोबरीला आणायची आणि २०१५पर्यंत खरी समानता. दोन्ही मुदती गेल्या. आता संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांची २०३० ही मुदत आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार जगात २५ कोटी मुलं-तरुण शाळेबाहेर आहेत, त्यात मुली १२ कोटी २० लाख, म्हणजे ४८ टक्के. नुसता आकडा पाहिला तर बरोबरी झाल्यासारखी वाटते. पण त्याच आकड्यात अफगाणिस्तानच्या मुली आहेत, ज्यांना सप्टेंबर २०२१ पासून सहावीच्या पुढे सरकारनेच दार बंद केलं आहे, आणि त्याच आकड्यात आपल्याकडच्या अशाही मुली आहेत ज्यांच्यासाठी दार उघडं आहे पण जायला वेळ नाही. दोन्हीकडे उपाय एक असू शकत नाही.

जिथे नेमकी अडचण शोधली गेली तिथे फरक पडला. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेच्या मुलींना विद्यावेतन दिलं. अटी तीन : ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि लग्न झालेलं नसावं. पुढे तिथल्या माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली, कारण तिथे माध्यमिक शाळा लांब होती. त्यावरच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी सुमारे एक तृतीयांशाने वाढलेली दिसली. भांडुपच्या डोंगरावर सायकलचा उपयोग नाही. इथे शाळा जवळ आहे, फी नाही. इथली अडचण घड्याळाची आहे.

आणि ती फक्त इथली नाही. युनिसेफने २०१६ मध्ये मांडलं होतं की ५ ते १४ वयाच्या मुली त्याच वयाच्या मुलांपेक्षा घरकामात ४० टक्के जास्त वेळ घालवतात. जगभरचा फरक रोजचे १६ कोटी तास. आपल्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये तेच आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली खरी, पण ती पुरुषांनी उचलली असं त्यातून दिसत नाही, कारण त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली. हे आकडे वाचले की मला थोरलीच्या कागदावरचे चार रकाने दिसतात.

पुढचं वर्ष

पहिले काही दिवस बरे गेले. मग दादू कंटाळला. नळावर मोठी मुलं त्याला बायकी कामं करतो म्हणून चिडवायची. दोनदा त्याने नंबर हुकवला, एकदा धाकट्याला अंगणवाडीत सोडायचंच विसरला आणि मैदानात घेऊन गेला. गणपतीला सगळे गावी गेले, परत आल्यावर घडी विस्कटली आणि थोरली आठवडाभर शाळेत गेली नाही. सेविकेने पुन्हा निरोप दिला. त्या वेळी आईनेच आवाज चढवला. दादूला म्हणाली, "पाणी तुला लागत नाही का रे? मग भरायला लाज कसली?" आम्ही तिथे नव्हतो, हे थोरलीने नंतर सांगितलं.

दादूबद्दलही सांगायला हवं. दिवाळीच्या आधीपर्यंत तो सरावला. धाकट्याला घेऊनच तो गल्लीत क्रिकेट खेळायला जायचा, त्याला ओट्यावर बसवून हातात बिस्किट द्यायचा. अंगणवाडीत सोडताना धाकटा थोरलीसाठी रडायचा तसा आता त्याच्यासाठी रडायला लागला. क्लास संध्याकाळी गेल्याने त्याचा खेळ कमी झाला आणि त्याबद्दल तो कुरकुरतो. कुरकुरण्याचा हक्क त्याला आहे. थोरलीची कुरकुर कुणी ऐकली नव्हती, एवढंच.

सहामाहीला थोरली गणितात नापास झाली, इंग्रजीत काठावर. अडीच महिन्यांचा अभ्यास मागे पडला होता आणि संध्याकाळचा स्वयंपाक अजून तिच्याकडेच होता. दुपारी आई घरी असते, म्हणून चार ते सहा तिने अभ्यासिकेत यायचं ठरवलं. शेजारच्या दहावी झालेल्या मुलीची पुस्तकं मिळाली. डिसेंबरात आईला टायफॉइड झाला तेव्हा मात्र कुठल्याही चर्चेशिवाय, कुणी काही न ठरवता थोरली पंधरा दिवस घरी राहिली. वडिलांनी एकही सुट्टी घेतली नाही; घेतली असती तर पगार कापला गेला असता. आमचं सगळं नियोजन आजारपणापुढे टिकलं नाही. गरीब घरात आजारपण आलं की सगळ्यात आधी मुलीची शाळा थांबते. त्यावर तोडगा कागदावर रकाने आखून निघत नाही. त्याला पगारी रजा लागते, आणि कामाच्या वेळेत मूल ठेवता येईल असं पाळणाघर लागतं. अंगणवाडी दहाला उघडते. आया साडेसहाला कामावर जातात. मधले साडेतीन तास कुणीतरी भरून काढतं, आणि सरकारच्या कुठल्याही योजनेत ते तास दिसत नाहीत.

मार्चअखेर वार्षिक परीक्षा झाली. थोरली नववी पास झाली. विज्ञानात वर्गात पहिल्या पाचात, गणितात जेमतेम. जूनपासून ती दहावीत बसते आहे. मुख्याध्यापिकांनी यंदा उशिरा आलेल्या आणखी एका मुलीला फारशी खळखळ न करता घेतलं. वस्तीतल्या आठवी पास मुलामुलींची यादी आता आम्ही आणि अंगणवाडीच्या सेविका मिळून ठेवतो. यंदाच्या यादीत दोन मुली अजून कुठेही पोचलेल्या नाहीत. एकीचं कुटुंब गावी गेलं आहे असं कळतं, दुसरीच्या घरी अजून दोनदा जायचं आहे. सकाळी सातपासून चालणाऱ्या पाळणाघरासाठी महापालिकेकडे वस्तीतल्या बायकांच्या सह्यांचं निवेदन दिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

थोरलीच्या घरची घडी पुन्हा मोडणार आहे. दादू यंदा आठवीत आहे, पुढच्या जूनमध्ये त्याचीही नववी त्याच शाळेत, सकाळी सातलाच. धाकटा तोवर पाच वर्षांचा होईल, पण त्याची बालवाडीही दुपारचीच असण्याची शक्यता आहे. दादूला घरी बसवायचा प्रश्न कुणी काढणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा दहावी होऊन अकरावीच्या प्रवेशाला उभी असलेली थोरली पुन्हा हाताशी धरली जाईल, ही भीती आम्हालाही आहे आणि तिलाही. येत्या मे महिन्यात सगळ्यांनी मिळून पुन्हा कागद आखायचा असं ठरलं आहे. या वेळी बाबांचा रकाना रिकामा राहणार नाही, असं तिने आत्ताच घरात सांगून ठेवलं आहे. वडिलांनी ड्युटी बदलून रात्रीची मिळते का, याची सुपरवायझरकडे चौकशी केली आहे.